वरची बाजू

“पंचशीला, इकडे ये. अजून पुढे. हां, तिथेच थांब. आता मुलांकडे तोंड कर.”

जयराज सरांनी मला दंडाला धरून मंचाच्या पुढच्या कडेला आणून उभं केलं आणि स्वतः मागे फळ्यापाशी जाऊन उभे राहिले. तालुक्याच्या कॉलेजचा तो हॉल गच्च भरला होता. टीव्हीवरचा माणूस आपल्या कॉलेजात भाषणाला आलाय म्हटल्यावर पोरं खिडक्यांच्या गजांना लटकली होती. माझं तिथे काहीच काम नव्हतं. सकाळी मालक म्हणाले, सर कॉलेजात चालले, तू अन् डोमाजी सोबत जा, म्हणून मी गेले होते. मला मंचावर बोलावतील असं कोणी सांगितलं नव्हतं.

जयराज कारखानीस हे त्याचं पूर्ण नाव. त्या दिवसापर्यंत मी त्याला सर म्हणत होते, अहो-जाहो करत होते. आता करत नाही. ज्यांना हे उद्धट वाटेल त्यांनी आधी पुढचं ऐकून घ्यावं, मग बोलावं.

मी तेव्हा बगमारे मालकांच्या नाटक मंडळीत होते. आमच्या झाडीपट्टीत, वडसा-गडचिरोलीकडच्या धानाच्या मुलखात, दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. होळीपर्यंत आम्ही आज या गावात तर उद्या त्या गावात. पाहुणे यावेत, लेकीबाळी माहेरी याव्यात, गावच्या गावाने गोणपाटं-चादरी घेऊन नाटकाला बसावं, अशी आमच्याकडची रीत. हंगाम संपला की मी दुसऱ्याच्या बांधीत, धानाच्या खाचरात, रोपांच्या रोवणीला जायची. नटी म्हणून जे काही नाव होतं ते त्या चार महिन्यांतलं.

त्या वर्षी मालकांनी पोस्टरवर चेहरा पाहिजे म्हणून मुंबईहून जयराजला आणलं. नाटकात तो बाप आणि मी लेक. गावातला मोठा माणूस, तरुणपणी एका बाईला नादी लावून सोडून देतो, तिच्या पोरीला नाव देत नाही. ती पोर पुढे शिकते, गावची सरपंच होते, आणि शेवटच्या अंकात म्हातारा, निराधार झालेला तो बाप तिच्याचपुढे न्याय मागायला उभा राहतो. भरल्या गावासमोर लेक निवाडा देते आणि पडदा पडतो. सगळं नाटक त्या शेवटच्या प्रवेशासाठी लिहिलेलं. तो प्रवेश उभा राहिला तर बायका डोळे पुसत घरी जातात, पडला तर लोक मालकांना तिकिटाचे पैसे परत मागतात.

आणि तो प्रवेश त्या हंगामात रोज पडत होता. माझ्यामुळे पडत होता, असं सगळे म्हणत होते.

ते समजायला आमचं स्टेज समजलं पाहिजे. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत आम्ही मंडप घालतो. प्रेक्षकांची जागा उतरती खणायची, मागे उंच, पुढे खोल, आणि निघालेल्या मातीचा भराव टाकून स्टेज उभारायचं. उतारावर धानाचं तणस, वाळका पेंढा, अंथरायचं. म्हणजे सगळ्यात मागे कडेवर पोर घेऊन बसलेल्या बाईलाही स्टेज दिसतं. स्टेजच्या मध्यावर, पुढच्या बाजूला, वरून माईक लटकवलेले असतात. ज्याचं वाक्य असेल त्याने त्यांच्याखाली यायचं, बोलायचं आणि सरकायचं. मुंबई-पुण्याची माणसं याला हसतात. हसोत. बांधीभर माणसाला त्या माईकवरूनच ऐकू जातं आणि आमची नाटकं अशीच चालत आली आहेत.

जयराज त्या माईकखाली यायला तयार नव्हता. त्याने करारातच कॉलरचा माईक लिहून घेतला होता. नागपूरहून भाड्याने आणलेला तो छोटा माईक फक्त त्याच्यासाठी. मग शेवटच्या प्रवेशात तो बोलता बोलता मागे जायचा, अगदी मागच्या पडद्यापर्यंत. मी त्याच्याशी बोलतेय, नजरेला नजर देऊन जाब विचारतेय, तर मला वळावं लागायचं. वळले की लोकांना माझी पाठ, आणि आवाज माईकवरून निसटलेला. अंधारातून ओरडा यायचा, आवाज, आवाज. त्याचा हुंदका मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा.

एकदा वाटलं, चुकून होत असेल. मी तसं त्याला नम्रपणे सांगितलंसुद्धा, सर, थोडं पुढे थांबाल का. तो म्हणाला, बाळ, पात्र मला जिथे नेतं तिथे मी जातो. आता पात्रच नेतंय म्हटल्यावर मी काय बोलणार? मी काढे प्यायले, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, गळ्याला मफलर बांधून फिरले. माझाच गळा बसला असेल असं मी स्वतःला समजावत होते, इतकी मी मूर्ख होते.

त्या सकाळी मालकांनी मला बाजूला घेतलं. आज कोसंबटोल्याचा प्रयोग आहे, मोठी मंडई आहे, पुढच्या हंगामाचं नाटक ठरवायला गावोगावचे गावकरी तिथेच येणार आहेत. आज आवाज आला नाही तर पुढच्या साली नागपूरची पोरगी आणतो, मी तिच्याशी बोलून ठेवलंय. ते रागाने बोलले नाहीत, हे आणखी वाईट होतं. आमच्या पट्ट्यात एका मंडळीने ‘हिला आवाज नाही’ म्हणून काढलं की दुसरी मंडळी दारात उभी करत नाही. मग रोवणी आहेच, बारा महिने.

हे डोक्यात घेऊन मी त्या हॉलमध्ये उभी होते.

“आता माझ्याशी बोल,” जयराज मागून म्हणाला. “काहीही. आपल्या नाटकातलं बोल.”

मी वळले आणि शेवटच्या अंकातलं पहिलं वाक्य म्हटलं.

“थांब, तशीच राहा. मुलांनो, मी कसा दिसतोय?”

छान दिसताय सर, पोरं ओरडली.

“आणि ही?”

एक पोरगा म्हणाला, वेणी दिसते. सगळा हॉल हसला. जयराजही हसला आणि म्हणाला, वेणी सुंदरच आहे. मी तशीच उभी होते. पाठीला हसणं ऐकू येतं ते तोंडावरच्या हसण्यापेक्षा जास्त लागतं, कारण कोण हसलं ते कळत नाही.

मग त्याने फळ्यावर इंग्रजीत एक शब्द लिहिला आणि वाचून दाखवला. अपस्टेज. स्टेजची मागची बाजू. मागच्या बाजूला वरची का म्हणायचं, ते त्याने फार छान समजावलं. तेवढं श्रेय मी देते, बोलायला तो गोड होता. म्हणाला, इंग्रजांच्या जुन्या नाटकघरांत स्टेजची जमीनच तिरपी बांधायचे, मागे उंच आणि पुढे उतरती. प्रेक्षक सपाट जमिनीवर, त्यांना मागचा नटही दिसावा म्हणून. त्यामुळे मागे जायचं म्हणजे खरोखरच वर चढायचं आणि पुढे यायचं म्हणजे खाली उतरायचं. पुढे स्टेज सपाट झालं, चढ गेला, पण मागची बाजू वरची ती वरचीच राहिली.

“आणि त्यातली गंमत काय,” तो म्हणाला, “जो वर जाऊन उभा राहतो, त्याच्याशी बोलायला खालच्याला वळावंच लागतं. प्रेक्षकांकडे पाठ. तोंड दिसतं ते फक्त वरच्याचं. समोरचा कितीही चांगला नट असो, एक शब्द न बोलता तुम्ही त्याला पुसून टाकू शकता. इंग्रजीत म्हणतात, त्याला अपस्टेज केलं. ही विद्या पुस्तकात मिळत नाही. मी तीस वर्षं वापरतोय.”

टाळ्या पडल्या. मी अजून पाठमोरीच होते. माझ्यासमोर फळा, फळ्यावर तो शब्द, आणि शब्दाशेजारी तो हसत उभा. पात्र नेत होतं म्हणे. काढे, गुळण्या, मफलर. मालकांसमोर घातलेली खाली मान. हा माणूस रोज रात्री ठरवून, मोजून मागे जात होता आणि आज माझाच नमुना उभा करून पोरांना शिकवत होता. त्याला लाजसुद्धा वाटत नव्हती, कारण मला कळेल असं त्याला वाटलंच नव्हतं. नाही तर मला मंचावर कशाला बोलावलं असतं?

पहिल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. तिने विचारलं, सर, मग खालच्यानं काय करायचं?

जयराजने क्षणभर विचार केल्यासारखं केलं.

“खालच्यानं?” तो म्हणाला. “सहन करायचं.”

पुन्हा हसणं. ती मुलगी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, कारण एव्हाना मी वळले होते.

जीपमध्ये जयराज पुढे बसून झोपला. मागे मी आणि डोमाजी शेंडे. डोमाजी आमचा विनोदी नट, पट्ट्यात सगळ्यांना हसवणारा माणूस. तो हळूच म्हणाला, “आयकलं ना तू?” मी म्हटलं, ऐकलं. तो म्हणाला, “मले पयल्या प्रयोगापासून दिसून राह्यलं होतं, माय. पन मी सांगितलं असतं तं तुले खरं वाटलं नसतं. तू त्याचे पाय पडत होती.” मला त्याचाही राग आला. सगळ्यांना दिसत होतं आणि मी गुळण्या करत होते.

कोसंबटोल्याला पोचताच मी मालकांकडे गेले. मंडपात तणस अंथरणं चालू होतं. जे ऐकलं ते सगळं सांगितलं, शब्दासकट. बगमारे मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पंचशीला, त्याच्या नावावर तिकीट फाटते. तुया नावावर फाटत नाई. तो वर जाते तं जाऊ दे. तू काई तरी कर.”

“काय करू? तुम्हीच सांगा.”

“ते मले काय मालूम? नटी तू हायेस.”

म्हणजे चोराला घर दाखवायचं आणि घरच्याला सांगायचं, कुलूप तू बघ. मी त्यांना एवढंच विचारलं, त्याचा तो कॉलरचा माईक काढून सगळ्यांनी वरच्याच माईकवर बोलायचं, एवढं तरी सांगाल का. मालक म्हणाले करारात आहे. करार त्याच्याशी होता. माझ्याशी नुसता शब्द होता.

रागात मी जेवले नाही. मेकअप करताना डोमाजीने सुचवलं, वळूच नको, लोकांकडे तोंड करूनच बोल. करून बघण्यासारखं होतं. पण मी ओळखून होते की त्याने काय होईल. जिच्या समोर बाप उभा आहे ती लेक बापाकडे न बघता माईककडे बघत बोलतेय, हे लोकांना खोटं दिसलं असतं. आवाज आला असता आणि प्रवेश मेला असता. तो वर, मी खाली. वळले तरी मेले आणि नाही वळले तरी मेले. तीस वर्षं वापरलेली विद्या होती, काही उगीच नाही.

नाटक नेहमीसारखं चढत गेलं. लावण्या झाल्या, डोमाजीचे प्रवेश झाले, लोक लोटपोट हसले. शेवटच्या अंकाला उभी राहिले तेव्हा पूर्वेकडे फटफटायला लागलं होतं. मंडपाच्या कनातीवरून बांधीच्या पल्याडची झाडं दिसू लागली होती. स्टेजवर गावची सभा. माझी एंट्री झाली, टाळ्या पडल्या. जयराज काठी टेकत आला, हात जोडले, दोन वाक्यं बोलला आणि मागे सरकायला लागला. एक पाऊल, दुसरं. आज तर मागच्या पडद्याशी मंदिराच्या पायऱ्यांचा देखावा होता. तो पायरीवर चढला.

आता माझं वाक्य. बांधीतून आधीच कोणीतरी ओरडलं, आवाज. अजून मी तोंडही उघडलं नव्हतं. इतकी माझी कीर्ती पसरली होती.

मी त्याच्याकडे बघितलं. तो त्या पायरीवरून दयेने माझ्याकडे बघत होता. बापाची दया नव्हे, जयराजची. आणि मला एकदम दिसलं की त्याच्या गोष्टीतलं स्टेज आमचं नाहीच. इंग्रजांनी चढ नटाला दिला होता. आमच्याकडे स्टेज सपाट आणि चढ प्रेक्षकांना दिलेला आहे. खाली तो होता. वरची बाजू माझ्या पाठीमागे होती.

मी स्टेजवरून उतरले. स्टेजपुढच्या ज्या खड्ड्यात बसून प्रॉम्प्टर वाक्यं पुरवतो त्याला वळसा घातला. प्रॉम्प्टर बिचारा पुस्तकावरून मान वर करून बघतच राहिला. वाजंत्र्यांच्या मधून वाट काढली आणि तणसावर पाय ठेवून उतार चढायला लागले. नाटकात सभा भरलीच होती, मी फक्त खऱ्या सभेत गेले.

“गावकऱ्यांनो,” मी म्हटलं. माईक नव्हता. पोटातून आवाज काढला. “या माणसाने मला जन्म दिला आणि शाळेच्या दाखल्यावर स्वतःचं नाव घालायला नकार दिला. आज तो तुमच्या साक्षीने माझ्या दारात उभा आहे. निवाडा मी करू म्हणता. मी कशी करू, ते तुम्ही मला सांगा.”

पुढच्या खुर्च्यांवरचे पाहुणे वळले. त्यांच्या मागचे वळले. मी वर वर जात राहिले, एका एका रांगेजवळ थांबत, एका एका बाईच्या डोळ्यांत बघत, आणि माझ्या मागोमाग बांधीभर माणूस वळत गेला. जे पुढे होते ते गुडघ्यांवर उठून मागे बघू लागले. कोणी ओरडलं की दुसरा त्याला दाबायचा, ऐकू दे ना बे. एका म्हातारीने माझा हात धरला आणि सोडेना. तिचा हात हातात ठेवूनच मी पुढचं बोलले.

जयराज माईकवरून बोलत होता. आधी त्याची वाक्यं, मग नाटकात नसलेली. “बेटा, इकडे बघ. बापाकडे बघ.” भोंग्यांतून त्याचा आवाज सगळ्या शिवारात घुमत होता आणि त्याच्याकडे बघत कोणी नव्हतं. सगळ्यात वर, मागच्या कडेला पोचल्यावर मी वळले. आता माझ्याकडे सगळ्यांची तोंडं होती आणि त्याच्यासमोर फक्त पाठी.

“बाप म्हणून मी याला घरात घेईन,” मी म्हटलं. “दोन वेळचं जेवू घालीन. पण माफ केलं का, असं मला कोणी विचारू नका.”

हे शेवटचं वाक्य नाटकात होतं. मी ते त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून म्हटलं. पडदा पडला तो कोणी बघितलासुद्धा नाही. बायका माझ्याभोवती उभ्या राहून रडत होत्या, आणि मीही रडत होते, पण माझं रडणं वेगळं होतं. मला तो राग आवरत नव्हता.

मागे मेकअपच्या खोपीत मालक आले तेव्हा उन्हं पडली होती. त्यांच्यासोबत पुढच्या सालीचं नाटक ठरवायला आलेले गावकरी. मालकांच्या हातात नारळ होता. आमच्याकडे हंगामाचं बोलणं नारळावर होतं. ते काही बोलायच्या आत जयराज खुर्चीतून म्हणाला, “बघितलंत? सकाळी कॉलेजात शिकवलं, रात्री करून दाखवलं. गुणी आहे मुलगी. शिकवलं की शिकते.” आणि त्याने उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

गावकरी त्याच्याकडे कौतुकाने बघायला लागले. मालकसुद्धा. त्यांना ते पटत होतं, कारण पटणं सोयीचं होतं.

मी त्याचा हात डोक्यावरून काढला. धरून, सावकाश, आणि त्याच्याजवळ परत दिला.

“हाव जी,” मी मालकांना म्हटलं. “सरायनंच शिकवलं. खालच्यानं सहन करावं, हे बी त्यायनंच शिकवलं. तेवढं एक मले शिकता नाई आलं.”

डोमाजी खोकला. मालकांनी नारळ पुढे केला. मी घेतला नाही. म्हटलं, पुढच्या साली मी येईन, पण स्टेजवर सगळ्यांना एकच माईक, वर लटकलेला. सर असोत की मी असो, बोलायचं असेल त्याने त्याच्याखाली यायचं. तेवढं आता, या गावकऱ्यांसमोर बोला, मग नारळ द्या.

जयराज हसला. मालक हसले नाहीत. ते गावकऱ्यांकडे बघत होते आणि गावकरी माझ्याकडे. मालक हिशेबी माणूस, तिकीट कोणाच्या नावावर फाटेल हे त्यांना वास घेऊन कळायचं. त्यांनी नारळ माझ्या ओटीत घातला आणि म्हणाले, बोललो.

पुढच्या हंगामाला जयराज आला नाही. प्रकृतीच्या कारणामुळे, असं पोस्टरवर पट्टी चिकटवून छापलं होतं. नंतर आम्ही भेटलो नाही.

गेल्या महिन्यात त्याला कसलातरी जीवनगौरव मिळाला. माझ्या नातीने मोबाईलवर मुलाखत लावून दिली. खूप म्हातारा झालाय, आवाज मात्र अजून गोड. झाडीपट्टीच्या आठवणी विचारल्या तर म्हणाला, तिथे मी एक मुलगी उभी केली. खेड्यातली, बुजरी. तिला मी प्रेक्षकांत उतरवलं, त्या काळात हा केवढा प्रयोग होता. मुलाखत घेणाऱ्या बाईने नाव विचारलं. तो कपाळावर बोट टेकवून म्हणाला, नाव आता आठवत नाही.

नाव पंचशीला रामटेके. आणि मला कोणी उभी केली नाही. मी उभीच होते, जयराज. तू मला पाठमोरी केली होतीस.